नासर्डीकाठची मोजणी: कामाच्या नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

वस्तीतली घरं, संडास, पाणी मोजायची पहिली फेरी झाली. आम्ही चौघं. मी बांधकामावर सुपरवायझर, म्हणून टेप माझ्याकडे. एक परिचारिका मैत्रीण. वस्तीतल्या आशाताई, म्हणजे आशा सेविका. आणि वस्तीतलीच एफवाय बीकॉमची पोर, जिच्याशिवाय तिसऱ्या गल्लीच्या पुढे आम्हाला वाटच सापडली नसती. वस्ती नाशकात, नासर्डी नदीच्या काठावर, सातपूर आणि मुंबई नाका यांच्या मधे कुठंतरी. वहीत नाव लिहायचं नाही असं ठरलंय.

आजचा प्रश्न एकच: घरं किती? विजेचे मीटर मोजले, ९४. दारं मोजली, १३१. आशाताई बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "दारं काय मोजता, चुली मोजा." चुली निघाल्या १४८. एका खोलीत मधे साडीचा पडदा, अलीकडे सासूची शेगडी, पलीकडे सुनेची. भांडण वगैरे नाही, "वेगळे निघालोय" एवढंच. जनगणनाही एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब असंच धरते. म्हणजे आशाताई आणि जनगणना एका बाजूला, मी आणि माझी दारं दुसऱ्या बाजूला. १४८ धरले.

झोपडपट्टी कशाला म्हणायचं यातही एकमत नाही. २०११ च्या जनगणनेनं किमान ३०० लोक किंवा ६०-७० घरांची दाट, गैरसोयीची वस्ती अशी अट ठेवली होती. राष्ट्रीय नमुना पाहणीला २० घरं पुरतात. आणि महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा मोजत बसत नाही, तो घोषित करतो. आपल्याकडे अर्धी वस्ती घोषित आहे, अर्धी नाही. मधली हद्द म्हणजे दीड फुटाचं गटार.

निघताना एका आजींनी अडवलं. "सर्वे कशाचा? कुंभमेळ्यासाठी उठवणार का आम्हाला?" २०२७ चा कुंभ जवळ आलाय, त्यामुळे शहरात कुठंही टेप ताणला की हाच प्रश्न येतो. म्हणून दारांवर रंगानं नंबर टाकायचे नाहीत. दारावर नंबर पडला की मागून काय येतं हे इथल्या लहान पोराला विचारा. घरांना खुणेची नावं दिली: निळं दार, शेवग्यासमोरचं, दोन बकऱ्यांचं. बकऱ्या विकल्या तर नोंद कोण सापडवणार, असं मैत्रिणीनं विचारलं. बघू.

९ फेब्रुवारी, रविवार

संडास. आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, "शौचालय उपलब्ध आहे काय? होय/नाही". हा प्रश्न विचारला असता तर १४८ वेळा "होय" आलं असतं आणि आम्ही जेवायला घरी गेलो असतो.

पहाटे पाचला पोचलो. मी पुरुषांच्या बाजूला, त्या तिघी बायकांच्या बाजूला. पाटीवर १२ सीट, सहा-सहा. बायकांकडे एका दाराला कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. दोन तुंबलेले. चालू तीन. त्या तिनातल्या एकालाच आतून कडी. दुसऱ्याचं दार उंबऱ्याला अडकतं, ते सुजलंय म्हणून आपोआप बंद राहतं. तिसऱ्याला कडीच्या जागी वाकवलेला खिळा आणि त्याला बांधलेली सुतळी. सुतळीचं टोक आत बसलेल्या बाईनं हातात ओढून धरायचं. दुसऱ्या हातात डबा. सुतळीला मधोमध काळी, गुळगुळीत गाठ पडलीय, किती हातांनी ती धरली असेल देव जाणे. मोबाईल, पैसे, चष्मा, जे काय असेल ते दातात.

रांगेत सगळ्यात जास्त थांबलेली बाई ३४ मिनिटं. तिला सव्वासहाच्या आत पहिल्या कामावर धुणंभांड्याला पोचायचं होतं. ती शेवटी न जाताच गेली. हे कुठल्या रकान्यात टाकायचं?

हिशेब केला. स्वच्छ भारत अभियानाचा दंडक सामुदायिक संडासात २५ बायकांमागे एक सीट आणि ३५ पुरुषांमागे एक असा आहे. आपल्याकडे बाया आणि मुली मिळून २९०. कागदावरच्या सहा सीट धरल्या तर एका सीटमागे ४८. चालू असलेल्या तीन धरल्या तर ९७. माझ्या धंद्यात काम एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, चढलं की झालं असं धरतात, बिल निघतं. हे १२ सीटचं कामही कधीतरी कुणाच्या तरी एमबीत चढलं असणार, आणि तेव्हा ते खरंही असेल.

रात्री मैत्रिणीनं आंतरराष्ट्रीय मापं काढून दाखवली. संयुक्त राष्ट्रांच्या हॅबिटॅट संस्थेचे पाच निकष: पाणी, संडास, टिकाऊ घर, एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं नसणं आणि जागेची शाश्वती. एक जरी कमी पडलं तरी ते घर झोपडपट्टीतलं. आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या पाहणीत संडास दुसऱ्या कुटुंबाबरोबर वापरत असाल तर तो कितीही चकचकीत असला तरी "मूलभूत" धरत नाहीत, एक पायरी खाली टाकतात. मापं चुकीची नाहीत. जगभराची तुलना करायला अशीच लागतात. पण आपल्या कामाला ती अडचणीची. उद्या तिन्ही दारांना कड्या बसवल्या तरी त्या मापात केसभर फरक पडणार नाही. वस्ती होती त्याच खान्यात. आपल्याला असं माप पाहिजे जे कडी बसवल्यावर हलेल.

नवे रकाने: दार लागतं का? कडी आतून आहे का? आत पाणी येतं का? दिवा? आज चालू की बंद? किती मिनिटं थांबलात? आणि "शौचालय" हा शब्द फॉर्ममधून उडवला. संडास म्हणायचं. शौचालय म्हटलं की लोकांना वाटतं सरकारी माणूस आलाय, आणि सरकारी माणसाला "सगळं चांगलंय" असंच सांगायचं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपार वाया. दोघांच्या अक्षरात १ आणि ९ सारखेच दिसतात. इथून पुढे चेकवर लिहितो तसं, आकडा आणि अक्षरी दोन्ही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाणी. नाशकाला गंगापूर धरणाचं पाणी आहे, शहर त्या बाबतीत नशीबवान, पण नशीब गल्लीच्या तोंडाशी संपतं. पाणी पहाटे सव्वापाचला येतं, साधारण सव्वा तास. "पाणी येतं का?" "येतं ना." शेवटच्या घरातसुद्धा "येतं ना". तक्रार केल्यासारखं दिसायला नको, शेजारीण ऐकतेय.

मग विचारणं सोडलं. दहा लिटरची एकच बादली आणि मोबाईलवरचं स्टॉपवॉच घेऊन गल्लीच्या वरच्या टोकापासून खाली आलो. पहिलं घर: ४० सेकंद. मधलं: १ मिनिट ३०. शेवटचं, शेवग्यासमोरचं: ४ मिनिटं १०. तेवढ्यात वरच्या दोन घरांत मोटरी सुरू झाल्या आणि शेवग्यासमोरच्या नळानं नुसती हवा फुंकली. नळातून असा सूं आवाज येतो, तो ऐकल्यावर घरातली पोरगी न सांगता उठली आणि हंडा बाजूला ठेवला. रोजचंच.

माणशी लिटर काढले. भुयारी गटार असलेल्या शहराला केंद्राच्या पाणीपुरवठा नियमावलीत माणशी १३५ लिटर धरतात, गटार नसेल तर ७०, आणि सार्वजनिक नळावर भागवायचं असेल तर ४०. आमच्या एकाच गल्लीत वरच्या घराला शंभराच्या वर आणि शेवटच्या घराला २८. एकाच पाइपावर, पन्नास पावलांच्या आत. वस्तीची सरासरी काढली तर सत्तरच्या आसपास येते आणि छान दिसते. सरासरी काढायची नाही.

आशाताईंनी क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट केली. वरच्या नळाचं पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. शेवटच्या नळाचं जसंच्या तसं, रंगच नाही. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे. तीच लाइन, मग क्लोरीन गेलं कुठं? पाइप माग काढत गेलो तर गटार ओलांडताना त्याच्या जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पाणी चालू असताना तिथून गळतं. बंद झालं की पाइपात ओढ तयार होते आणि गटारातलं आत जातं. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा त्याचाच. शेवटच्या घरातली बाई पहिला हंडा कधीच प्यायला घेत नाही, झाडाला घालते. तिला ओटी टेस्टची गरज नव्हती. शेवगा मात्र झकास आहे.

९ मार्च, रविवार

जागेचे कागद. पाच निकषांतला हा सगळ्यात अवघड, कारण टेप लागत नाही. एका मावशींनी पलंगाखालून पेटी ओढली. पेटीत साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, जुन्या मतदार यादीची झेरॉक्स आणि एक वीजबिल, घडीवर चिकटपट्टी लावलेलं. "हे १९९८ चं हाय. हे हाय म्हणून आम्ही हाय." राज्यात १ जानेवारी २००० च्या आधीची झोपडी संरक्षित, त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून पुनर्वसन. मावशींच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या भाच्याकडे २०१३ चा कागद आहे. भिंत एकच, हक्क वेगळे.

पंतप्रधान आवासमधून स्वतःच्या जागेवर घर बांधायला अनुदान आहे, पण "स्वतःच्या" या शब्दापाशीच इथलं सगळं अडतं. मावशींची बहीण चुंचाळ्याच्या घरकुलात गेली. संडास घरात, दार लोखंडी. "पण कामं इकडंच ना. रिक्षाला पैसे घालून धुणं धुवायला यायचं, मग उरतं काय?" असं त्या म्हणाल्या. शाश्वतीच्या रकान्यात मी "अंशतः" लिहिलं आणि नंतर खोडलं. आता तिथं कुठला कागद आहे त्याचं नाव आणि साल लिहितो.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. काम बंद. पोरं जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारायला गेली. आमची बीकॉमवाली पिवळी होऊन परत आली.

६ एप्रिल, रविवार

उकाडा. मी थर्मामीटर पत्र्याच्या अँगलला टांगला, दुपारी तीनला ४७ दाखवला. लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. मैत्रिणीचं एका ओळीचं उत्तर आलं: "माणूस पत्र्याला लटकत नाही." खरंय. आता जमिनीपासून तीन फुटांवर, भिंतीपासून लांब, जिथं म्हातारी बसते तिथं. तिथं ४१. बाहेर सावलीत ३८. सहा अंश खोटे नव्हते, पण कुणी त्यात बसलेलं नव्हतं.

खरं माप मात्र थर्मामीटरचं निघालं नाही. "रात्री आत झोपायला किती वाजता गेलात?" हा प्रश्न विचारला. स्लॅबच्या तीन घरांत अकरा-साडेअकरा. पत्र्याच्या घरांत एक, दीड. तोवर सगळे गल्लीत खाटा टाकून, पोरं ओट्यावर. बायका मात्र बाहेर झोपत नाहीत, त्या दारात बसून राहतात. पहाटे पाचला पाण्यासाठी उठायचं. म्हणजे झोप साडेतीन तास. हा आकडा मी वहीत दोनदा लिहिलाय.

आठ पत्रे निवडले. चारांवर चुना आणि फेविकॉल कालवून पांढरा हात मारायचा, चार तसेच. मे महिन्यात तुलना.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती. वस्ती उजळून निघाली होती, मोजणीचा प्रश्नच नव्हता. मिरवणुकीत मीही नाचलो, माझं वजन सगळ्यांना कळलं.

पण एक गोष्ट आज सकाळी बीकॉमवालीनं सांगितली. मंडपवाल्यानं संडासाच्या वाटेवर दोन हॅलोजन लावले होते, तीन दिवस. त्या तीन रात्री तिची आई आणि शेजारच्या दोघी रात्री साडेदहाला संडासला गेल्या. एरवी अंधार पडल्यावर कुणी जात नाही. सातनंतर पाणीसुद्धा जपून पितात. आम्ही दोन महिने पहाटेची रांग मोजत होतो. रांग लांब का, तर रात्रीच्या सगळ्या बायका पहाटेवर ढकलल्या जातात म्हणून. सीट कमी आहेतच, पण निम्मी रांग अंधाराची होती. आमच्या फॉर्ममध्ये दिव्याचा रकाना होता, पण तो संडासाच्या आतल्या दिव्याचा. वाटेचा नव्हता.

मंडपवाला हॅलोजन काढून घेऊन गेला. त्याचाही धंदा आहे.

२७ एप्रिल, रविवार

तीन कड्या, एक बिजागरी, तुंबलेल्या दोन सीटचा गाळ, कुलपाची किल्ली (कुलूप तोडलं, आत सिमेंटच्या गोण्या होत्या), वाटेवर दोन एलईडी दिवे. सगळा खर्च वर्गणीतून, मजुरी माझ्या साइटवरच्या सुताराची, त्यानं चहावर भागवलं. दिव्याची वीज कुणाच्या मीटरवरून हा वाद दीड तास चालला. शेवटी दोन घरांत आलटून पालटून, महिन्याला प्रत्येक चुलीकडून दोन रुपये. चुली मोजल्या होत्या ते बरं झालं; दारांवर वर्गणी लावली असती तर साडीच्या पडद्यापलीकडची सून फुकट सुटली असती, आणि सासूनं ते सोडलं नसतं.

पाइपाच्या जोडाबद्दल संबंधित कार्यालयात अर्ज दिला. याआधी वस्तीनं तीन अर्ज दिलेत, "पाणी घाण येते" असे. या वेळी दोन नळांचे ओटी टेस्टचे फोटो, तारखा आणि जोडाचा फोटो जोडला.

२५ मे, रविवार

उकाड्याच्या तुलनेचा बट्ट्याबोळ. या मे महिन्यात पाऊसच पाऊस, मान्सूनही लवकर निघालाय. पत्रे तापायला ऊनच नाही. वर चुना धुऊन निघाला, पन्हाळीतून एका मावशींच्या पिंपात उतरला आणि त्या पाण्यात भिजवलेलं धुणं पांढरं झालं. "दादा, पत्रा रंगवायचा होता का माझं लुगडं?" माझी चूक: चुना कालवला तो फेविकॉल मोजून नाही, अंदाजानं. बांधकामावर दुसऱ्यांना अंदाजाबद्दल बोलणारा माणूस मी. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा, आणि या वेळी पत्र्यावरच टिकणारा तयार रंग घ्यायचा.

१५ जून, रविवार

मोटरींची बैठक. अवघड, कारण पहिल्या दिवसापासून आम्हाला चहा देणारं घर वरचंच, मोटरवालं. मी स्टॉपवॉचचे आकडे वाचले, घरांची नावं न घेता, फक्त "वरून पहिलं", "खालून पहिलं". चहावाल्या काकू म्हणाल्या, "आमचं नाव घ्या की. लपवून काय, मोटर आमच्या दारात दिसतीय." मग त्यांनीच उपाय सांगितला: पहिली तीस मिनिटं कुणी मोटर लावायची नाही. पहारा कुणाचा? शेवग्यासमोरच्या आजींचा. त्या तशाही चारला उठतात.

६ जुलै, रविवार

नदीला पाणी चढलं. गावात पूर किती हे विचारलं की लोक गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवतात. इथं भिंती दाखवतात. २००८ ची रेघ आणि २०१९ ची रेघ, प्लास्टरच्या आत ओल धरून बसलेल्या. २०१९ ची खालच्या रांगेत जमिनीपासून ३ फूट २ इंच. एका घरात त्या रेघेच्या वर देवघर आणि रेघेच्याच वर, खिळ्याला, कागदांची पिशवी.

नवा संडास खालच्या रांगेत का बांधत नाही हेही आज कळलं. खालची रांग निळ्या पूररेषेच्या आत येते, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात. (लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची.) निळ्याच्या आत पक्कं बांधकाम नाही. म्हणजे संडासाची सगळ्यात जास्त गरज तिथं आणि बांधायची परवानगी नाही तीही तिथंच. आहे तेच दुरुस्त ठेवायचं.

गटारावरचा पाइप बदलला! वीस फूट नवा, गटाराच्या वरून घेतलाय. कार्यालयातून आलेला प्लंबर म्हणाला, "फोटो होता म्हणून नेमकं कुठं खणायचं ते कळलं."

२४ ऑगस्ट, रविवार

फेरमोजणी, फेब्रुवारीसारखीच: तीच बादली, पहाट तीच.

संडास: बायकांच्या सहांपैकी पाच चालू. सहावा पुन्हा तुंबला. एका सीटमागे ५८, दंडकाच्या दुपटीहून जास्तच. कड्या तिन्ही शाबूत, शिवाय एका दाराला कुणीतरी स्वतःहून आरसा लावलाय. पहाटेची सगळ्यात लांब वाट १३ मिनिटं. रात्री आठ ते साडेदहा: ४१ बायका. फेब्रुवारीत हा रकाना नव्हता, त्यामुळे तुलना नाही, चूक माझी.

पाणी: वरून पहिलं ५५ सेकंद. खालून पहिलं २ मिनिटं ५, आणि ओटी टेस्टला फिकट पिवळा रंग. मधलं घर मात्र १ मिनिट ३० वरून २ मिनिटं २०. तिथं शेजारी गेल्या महिन्यात नवी मोटर आलीय आणि ते तीस मिनिटांच्या बैठकीला नव्हते. आजींचं त्यांच्याशी रोज वाजतंय. स्टॉपवॉच माझ्याकडून मागून घेतला आजींनी. म्हणजे मोबाईल नातवाचा, त्यात मी फक्त ते कुठं दाबायचं ते दाखवलं. बादलीवर दहा लिटरची खूण नेलपॉलिशनं केलीय.

वाटेवरचा एक दिवा गेलाय, गणपतीआधी बदलायचा. नऊ वॉटचा, होल्डरसकट. दोन बकऱ्यांच्या घरात आता एकच बकरी आहे. वहीत दुरुस्ती केली.